माहीत नाही आणि तिचे तेरा नवरे

आमच्या आत्याला बसायला खुर्ची दिली, की ती मागे जाते आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहते, जणू आता आभारप्रदर्शन करणार आहे. जेवते तेही उभ्यानेच. ओट्याला टेकलेली, ताटली हातात, आणि उजव्या पायाचा तळवा डाव्या गुडघ्याला चिकटवलेला.

"ताई, तुमच्या सगळ्या पायजम्यांवर गुडघ्यापाशी चपलेचा छाप उमटलाय," आई म्हणते.

"उमटू दे. धुण्यात माझे कुठले ते ओळखता येतात. हं, पुढे?"

हे 'हं, पुढे?' म्हणजे आत्याचा श्वास आहे. तुम्ही एखाद्या वाक्याला हात घातला, की ती ते तुमच्या हातातून काढून घेते, त्याला स्वतःच शेवट लावते आणि पुढचं मागते.

"आत्या, आज शाळेत ना बाई..."

"ओरडल्या. हं, पुढे?"

"ओरडल्या नाहीत गं, त्यांनी मला..."

"बाहेर उभं केलं. कुणाची नक्कल केली होतीस पोपटा? मुख्याध्यापकांची. बरी झाली का? हं, पुढे?"

पुढे काही उरतच नाही.

तिचं एकदा लग्न झालं होतं. नवरा स्वभावाने भला, पण बोलायचा फार सावकाश. घरात अशी दंतकथा आहे की त्याने एक वाक्य सुरू केलं, आणि ते संपेपर्यंत आत्या बॅग घेऊन परत आमच्याकडे आलेली होती. दंतकथाच म्हणायला हवी, कारण आत्या दातांचं काम करते. कवळ्या बनवते.

तिची लॅब एका दवाखान्याच्या मागे आहे. जिन्याखालून वाकून आत जावं लागतं. खिडकीशी लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे रांगेने, प्रत्येकाच्या पायाशी चिठ्ठी. स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, कोपऱ्यात पॉलिशचं चाक घरघरत असतं. शाळेतून मी बऱ्याचदा परस्पर तिथेच जाते, कारण तिथला पंखा आमच्या पंख्यापेक्षा चांगला आहे. वरचा जबडा आणि खालचा जबडा एका पितळी बिजागरीत अडकवून आत्या ते उघडमीट करते, टक, टक, टक, आणि कान लावून ऐकते. आवाज बरोबर आला की म्हणते, "बसलं." नाही आला की घासते. एवढ्या एका कामात तिला मी घाई करताना पाहिलेलं नाही. तिथेही ती उभीच असते, हे वेगळं सांगायला नको.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक घरातच आहे. अप्पा. म्हणजे तिचे आणि बाबांचे वडील, माझे आजोबा. अप्पांच्या तोंडातली सध्याची कवळी तिने केलेली पाचवी. अप्पा ती चावायला कमी आणि दाराच्या कडीसारखी जास्त वापरतात. एखादी गोष्ट पटली नाही, की ते कवळी काढतात, शेजारच्या स्टीलच्या वाटीत टाकतात, टण्, आणि चर्चा संपते. बाबा महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर असतात त्याचं कारण ती वाटी आहे, असं आई म्हणते.

तर अशा या आत्याने वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर घेतलं.

का घेतलं, याला उत्तर नाही. तिच्या अंगात सतत काहीतरी शिवशिवत असतं, त्याला कुठेतरी जायचं असतं. आधी ते भिंती रंगवण्यात गेलं, मग पोहण्यात गेलं, आणि मग पूर्वजांत शिरलं. वर्षभर ती नातेवाइकांना फोन करत होती. फोन कायम स्पीकरवर, कारण हात मोकळे हवेत. "तुमच्या आजोबांचे वडील? हां. त्यांचे वडील? हां. आणि त्यांची बायको? आठवत नाही? बरं, हं, पुढे?"

बायकांपाशी गाडी अडायची. आमच्या घराण्यात बायकांची नावं कुणाला धड माहीतच नाहीत. मोठी काकू, धाकटी मामी, मधली वहिनी, पलीकडची आजी. सगळी नाती, नाव एकाचंही नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या चौकटी रिकाम्या दिसायच्या, आणि रिकामी जागा दिसली की दात बनवणाऱ्या बाईला चैन पडत नाही. म्हणून आत्या अशा प्रत्येक चौकटीत टाईप करायची: माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही. सगळीकडे एकसारखं, छान ओळीत.

एका दुपारी अप्पा भिंग घेऊन कॉम्प्युटरपाशी आले. कॉम्प्युटर आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला असतो.

"यात मी कुठला?"

"हा. हे तुम्ही."

"आणि माझ्या डोक्यावर कोण बसलीये?"

"तुमची आई."

"काय लिहिलंय?"

लोकांची वाक्यं पुरी करणारी आत्या माऊस पुसायला लागली. मग मीच वाचलं, "माहीत नाही."

"ते मला माहीत आहे," अप्पा म्हणाले. "तिथे लिहिलंय काय, ते विचारतोय."

झालं होतं असं, की अप्पा रांगतसुद्धा नव्हते तेव्हा त्यांची आई गेली. वडिलांनी दुसऱ्या गावी नोकरी धरली, दुसरं लग्न केलं. "दुसऱ्या आईने मला काही कमी केलं नाही," अप्पा सांगतात. "पण माझ्या आईचं नाव विचारलं की ती तोंड फिरवायची. तिला वाटायचं, मी तिला सावत्र म्हणतोय. मग मी विचारणं सोडलं. आणि ज्यांना विचारायचं ते एकेक करून गेले." वडिलांच्या थोरल्या भावाची शाखा तिकडेच राहिली. त्यांचं आमचं मधे कधीतरी भांडण झालं. कशावरून, ते दोन्हीकडे कुणाला आठवत नाही. बोलायचं नाही, एवढं मात्र दोन्हीकडे पक्कं आठवतं.

त्या शाखेतून त्याच आठवड्यात, बोलणं नसतानाही, छापील निमंत्रण आलं होतं. सगळ्या शाखांचा मेळावा होणार, आणि हॉलच्या लांबच लांब भिंतीवर सगळ्या घराण्याचा वंशवृक्ष छापून लावणार. त्याच्याखाली सगळ्यांचा फोटो.

"मी जाईन," अप्पा म्हणाले. "पण माझ्या आईच्या जागी हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल, तर मी त्याच्याखाली बसणार नाही. बाकीच्या माहीत-नाहींची पोरं कधीच गेली. विचारणारा मी एकटा उरलोय." आणि वाटीत, टण्.

झालं. आत्याला आता पूर्वजांनी झपाटलंच. चहा करताना गाळणी हातात घेऊन गॅलरीत जायची, गाळणी विसरून यायची. लॅबमधून मधेच घरी फोन, "अप्पांना विचार, आईचं माहेर नदीकाठी होतं का डोंगरात? नाही माहीत? बरं." टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत. आई म्हणाली, "ताई, तुम्ही जरा थांबा हो, फरशी थकली."

शेवटी तिने भांडणाच्या पलीकडे फोन लावला. तिकडचा वंशवृक्ष ज्यांच्याकडे आहे ते अप्पांचे चुलतपुतणे. आयुष्यभर नकाशे काढण्याची नोकरी केली, म्हणून त्यांना सगळे नकाशेकाका म्हणतात. ते बोलतात ते पट्टी लावून ओढल्यासारखं.

"आपला परिचय?" नकाशेकाका.

आत्याने दिला.

"अस्सं. नोंद घेतली."

"तुमची फाईल पाठवता का? आमच्यात मर्ज करते. मग सगळं एकच होईल, तुम्हालाही छापायला..."

"मी माझं वाक्य पूर्ण करतो."

"करा. हं, पुढे?"

"फाईल पाठवण्यास हरकत नाही. एकत्रित फाईल मला परत यावी, मुद्रणापूर्वी."

"येईल. आणि आमच्या आजीचं नाव? अप्पांच्या आईचं? तुम्हाला..."

"जे प्रमाणित आहे, ते फाईलमध्ये आहे. जे फाईलमध्ये नाही, ते नाही."

फाईल आली. शनिवारची दुपार होती. मी कोचावर लोळत होते, आई कपड्यांच्या घड्या घालत होती, अप्पा आतल्या खोलीत पडले होते. आत्याने फाईल इम्पोर्ट केली आणि सॉफ्टवेअरने काम सुरू केलं. ते दोन माणसं शेजारी शेजारी उभी करायचं, डावीकडे आमच्या फाईलमधलं, उजवीकडे त्यांच्या, आणि फार नम्रपणे विचारायचं: या दोन व्यक्ती एकच आहेत का?

पहिल्या काही जोड्या आत्याने कवळीसारख्या जुळवल्या. जन्म बघितला, बाप बघितला, भाऊ बघितले, टक. "बसलं." पुढचा. टक. "बसलं." मग तिने पाय बदलला. मग पुन्हा बदलला. मग नख तोंडात.

"अजून किती आहेत गं?"

"चारशेच्या वर," मी सॉफ्टवेअरच्या आवाजात म्हटलं. "कृपया धीर धरावा. आपले पूर्वज आपल्यासाठी थांबले आहेत."

"थांबलेत कसले, पडून आहेत. हे बटण कसलं?"

बटणावर लिहिलं होतं: सर्व जुळण्या एकत्र करा. आत्याने ते दाबलं. तर सॉफ्टवेअरने एक निरोप दाखवला. मी नंतर तो नीट वाचला म्हणून सांगते: 'हे केल्यावर मागे जाता येणार नाही, नावं तपासून घ्या आणि आधी एक प्रत जपून ठेवा.' आत्याने पहिले दोन शब्द वाचले आणि माणसांशी करते तेच सॉफ्टवेअरशी केलं. "हे केल्यावर काम होईल. हं, पुढे?" आणि क्लिक.

पट्टी सरकली. पडदा पांढरा झाला, परत आला. आत्या उडी मारून अप्पांच्या चौकटीवर गेली. वर बघितलं.

अप्पांच्या आईच्या जागी नाव होतं. एका नदीचं नाव. खरंखुरं, बाईचं, नीट लिहिलेलं.

"सापडली!" आत्या किंचाळली. आईच्या हातून घड्या सुटल्या. आत्या आतल्या खोलीकडे पळता पळता परत आली, एकत्र केलेली फाईल नकाशेकाकांना पाठवून दिली, दिला शब्द म्हणजे दिला, आणि मग पळाली. "अप्पा! अप्पा, उठा! सापडली!"

अप्पा उठून बसले. आधी त्यांनी चाचपडत कवळी घेतली, घातली, जिभेने नीट बसवली. मग म्हणाले, "बोल."

आत्याने नाव सांगितलं.

त्या नावात एक अक्षर असं आहे, की अप्पांच्या कवळीतून ते जाताना बारीक शिट्टी वाजते. अप्पांनी नाव घेतलं, शिट्टी वाजली. पुन्हा घेतलं. पुन्हा वाजली. मी हसणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघून थांबले. असं तोंड मला काही करता आलं नसतं.

संध्याकाळभर घरात शिट्टी वाजत होती. पंखा बघायला वायरमन आला, त्याला अप्पा म्हणाले, "माझ्या आईचं नाव सांगू?" तो बिचारा शिडीवरून म्हणाला, "सांगा ना." सांगितलं. "चांगलंय," तो म्हणाला. "नदी आहे ना ती?" "हो," अप्पा म्हणाले, "मोठी आहे." जणू त्यांनीच खणलेली.

रविवारी सकाळी फोन वाजला. आत्याचे हात कणकेत नव्हते की कशात नव्हते, तरी सवयीने स्पीकर.

"माझ्या आजीला," नकाशेकाका म्हणाले, आणि दम घ्यायला थांबले, "माझ्या आजीला तेरा नवरे आहेत."

"हं, पु..." आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचं स्वतःचं वाक्य अर्धं राहिलं.

"त्यांपैकी एक तिचा सासरा आहे. एक तिच्या सासऱ्याचा आजा आहे, तो ती जन्मण्याआधी वारला. तरीही त्याला तिच्यापासून चार अपत्ये आहेत. एकूण अपत्ये एकोणचाळीस. मी रात्रभर मोजली. नोंद घ्यावी, की माझ्या आजीला आम्ही तीनच होतो. म्हणजे तिची मुले तीन, मी नातू... हे काय, मी पण चुकायला लागलो! मी उद्या संध्याकाळी येतो. समक्ष!"

आत्याने त्यांची मूळ फाईल पुन्हा उघडली, एकटी, काही न जोडता. तेव्हा आम्हाला कळलं काय झालं ते. नकाशेकाकांचाही नियम होता, कोणतीही चौकट रिकामी सोडायची नाही. म्हणून त्यांनीही नावं नसलेल्या सगळ्या बायकांच्या जागी तेच लिहिलं होतं, जे आत्याने लिहिलं होतं. सॉफ्टवेअरला वाटलं, ही एकच बाई आहे, हिचं नाव 'माहीत नाही', आणि ही सगळ्या घराण्यात फिरतेय. त्याने सगळ्यांची मिळून एक बाई केली. नकाशेकाकांच्या आजीचं नाव त्यांच्या फाईलमध्ये होतं, आमच्या फाईलमध्ये नव्हतं, कारण ती अप्पांची 'मोठी काकू', आणि मोठ्या काकूला नाव असतं हे अप्पांच्या कधी कानावरच आलं नव्हतं. त्यामुळे तीही त्या बाईत ओढली गेली, आणि तिचं एकटीचं खरं नाव सगळ्यांना लागलं. नदी नकाशेकाकांच्या आजीची. अप्पांच्या आईच्या जागी त्यांच्याही फाईलमध्ये दोनच शब्द होते.

आतून शिट्टी ऐकू आली. अप्पा दाढी करता करता नाव गुणगुणत होते.

"सांगू नका," आई हळूच म्हणाली. "काय बिघडतंय ताई? ती बाई गेली त्याला ऐंशी वर्षं झाली. तिला फरक पडत नाही, आणि हे कसे खुलले आहेत बघा."

"पण ते..."

"या वयात दुसऱ्यांदा आई काढून घेणार का त्यांची?"

आत्या वळली. दारापर्यंत गेली, टेबलापर्यंत आली. गॅलरीत गेली, आली. दिवसभर तिने एकदाही कुणाला 'हं, पुढे?' म्हटलं नाही, आणि घरात सगळ्यांची वाक्यं अशी लांबत गेली, की आम्हालाच ती कुठे संपवायची ते कळेना.

सोमवारी मी लॅबवर पोचले तेव्हा मालक तिच्या टेबलाशी उभे होते. मालक नेहमी कुजबुजतात, शेजारी कुणी पेशंट तोंड उघडून पडलाय अशा आवाजात.

"ही दाढ," ते कुजबुजले, "उलट्या बाजूला लावलीये तुम्ही."

आत्याने बघितलं. खरंच लावली होती. तिचे कान लाल झाले. तेवढ्यात जिन्याखालून वाकून एक म्हातारी आत आली, हातात रुमाल, रुमालात कवळी.

"दुखतंय हो जरासं. पण होईल ना सवय? घरचे म्हणतात, छान दिसते, काढू नको."

"सवय चपलेची होते मावशी," मालक कुजबुजले. "ही आत बसून रोज थोडं थोडं सोलत राहील. तुम्ही गप्प बसाल, हिरडी नाही बसणार." आणि कवळी आत्यापुढे ठेवली. "बघा."

आत्याने म्हातारीच्या तोंडात बोट घालून ती जागा शोधली, चाकावर कवळी धरली, धूळ उडाली, बसवून बघितली, पुन्हा घासली. म्हातारीने दात मिटले. टक. "अगं बाई," म्हातारी म्हणाली. आत्याने हात पुसले, पिशवी घेतली आणि मला म्हणाली, "चल." रस्ताभर ती एवढ्या जोरात चालली, की मी मागून पळत होते.

अप्पा टेबलाशी बसले होते. आत्या खुर्चीमागे उभी राहिली, पाठ धरून.

"अप्पा, ते नाव तुमच्या आईचं नाही."

अप्पांनी वर बघितलं.

"मोठ्या काकूचं आहे. मी घाईत सगळं एकत्र केलं, त्यात ते इकडे आलं. तुमच्या आईचं नाव त्यांच्याकडेही नाही. मी तपासायला हवं होतं. तुम्हाला सांगण्याआधी तरी."

तिने इतकं मोठं बोलणं एका दमात कधी केलं नसेल. अप्पांनी हात तोंडाशी नेला. टण्.

आणि बेल वाजली.

नकाशेकाका दारात. काखेत कागदाची लांब गुंडाळी, खिशात तीन टोकदार पेन्सिली, चेहरा असा, की हे तीनही बाण आहेत. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ टेबलावर गुंडाळी उलगडली. त्यांनी ती गोष्ट काढून आणली होती. मधे एक बाई, तिच्याभोवती तेरा पुरुष, सूर्याला किरण असावेत तसे, प्रत्येकाखाली अपत्ये.

"हे पाहा. प्रमाणबद्ध आहे."

"सुंदर काढलंय हो," आई म्हणाली, आणि जीभ चावली.

"ही माझी आजी आहे! घरंदाज बाई! आयुष्यात दोनदा सिनेमाला गेली!"

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली. "सगळ्या मोकळ्या करते. एकेक. हाताने." ती स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

तेव्हा अप्पा बोलले. दात नव्हते, नुसती वाफ आली. अप्पांचं बिनदातांचं बोलणं घरात मलाच नीट कळतं, कारण ते मला करता येतं. मी म्हटलं, "ते विचारतायत, तुमची आजी त्यांच्या आईबद्दल कधी काही बोलायची का? जाऊ होती ना तिची."

"नाव ज्ञात नाही," नकाशेकाका म्हणाले. "फाईलमध्ये स्पष्ट लिहिलंय."

पुन्हा वाफ. "नाव राहू दे, म्हणतात. काहीही."

"प्रमाणित असं काही नाही." नकाशेकाकांनी पेन्सिली खिशात सरळ केल्या. "आजी तिची नक्कल करायची, एवढंच. आम्ही लहान असताना, हसवायला. ते काही नोंदीत धरता येत..."

"नक्कल?" मी म्हटलं. "करा ना!"

"मी?"

"तुम्हीच बघितलीये."

"छे, छे. माझं वय काय, मी..." ते अप्पांकडे बघून थांबले. अप्पांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि ते नुसते बघत होते, दारात उभं राहून वाट बघणाऱ्या पोरासारखे.

नकाशेकाकांनी घसा साफ केला. एक हात भिंतीला लावला. दुसऱ्या हातात नसलेला झारा धरला आणि नसलेल्या भांड्यात ढवळायला लागले. आणि मग त्यांनी इस्त्रीच्या पँटमधला उजवा पाय हळूहळू वर घेतला आणि त्याचा तळवा डाव्या गुडघ्याला लावला.

"अशी उभी राहायची म्हणे," ते डुगडुगत म्हणाले. "दिवसभर. बस म्हटलं तर बसायची नाही. सासू ओरडायची, पाय खाली ठेव. ठेवायची, आणि सासू वळली की पुन्हा वर. म्हणून घरात सगळे तिला बगळीच म्हणायचे. खरं नाव कुणी घेतच नसे, आजीलाही आठवत नव्हतं."

त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. मी पण. आत्या चौकटीला टेकून उभी होती, पायजम्यावर चपलेचा छाप, आणि त्या छापावर चप्पल.

तिला कळलं तशी तिने पाय झटकन खाली ठेवला, चोरी पकडल्यासारखा.

"वर," अप्पा म्हणाले. हे कुणालाही कळलं असतं. "वर घे."

आत्याने पाय वर घेतला. ती एका पायावर बस पकडू शकते, तिला मी डुलताना कधी पाहिलेलं नाही. आता डुलत होती. अप्पांनी तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, पुन्हा पायापर्यंत. त्यांचा हात वाटीकडे गेला आणि तिथेच राहिला. कवळी घेतली नाही.

"बगळी," ते म्हणाले.

स्वच्छ. शिट्टी नाही, वाफ नाही. मी नंतर स्वतः करून बघितलं, त्या शब्दाला एकही दात लागत नाही.

"हे तुम्ही फाईलमध्ये का नाही लिहिलंत हो?" आईने नकाशेकाकांना विचारलं.

"टोपणनावं मी ग्राह्य धरत नाही. तसा नियमच..." नकाशेकाकांनी पाय खाली घेतला, पँटवरचा छाप झटकला. "भिंतीवर अधिकृत नावं जातील. बगळी कसं लिहिणार? लोक काय..."

"लिही," अप्पा म्हणाले.

नकाशेकाकांनी खिशातली एक पेन्सिल काढली, ठेवली, दुसरी काढली. "अक्षराची उंची," ते सावकाश म्हणाले, "जर इतरांइतकीच ठेवायची झाली, तर चौकट थोडी, म्हणजे फार नाही, उजवीकडे..." आत्याने त्यांना मधे तोडलं नाही. तिचा जीव जात होता, ते तिच्या बोटांवरून दिसत होतं, पण तोडलं नाही.

मेळाव्यात अप्पा भिंतीखाली बसले, बरोबर त्या चौकटीखाली, कवळी घालून.

उरलेल्या अकरा जणी आत्याने एकेक करून सोडवल्या. त्यांची नावं अजूनही माहीत नाहीत, पण निदान आता त्या अकरा आहेत. ती परत सगळ्यांना फोन करत सुटलीये. स्पीकर चालू, हातात ताटली, पाय गुडघ्याला.

"नाव नको हो, नाव राहू द्या. तुमच्याकडे तिची नक्कल कोण करायचं, ते सांगा. चालायची कशी? हसायची कशी? आठवा, आठवा, मी आहे फोनवर."

आणि मग ती थांबते. खरंच थांबते. पलीकडे कुणीतरी आठवत असतं, आणि आत्या ओठ घट्ट मिटून, एका पायावरून दुसऱ्या पायावर जात, 'हं, पुढे?' गिळून उभी असते.